उदगीर आणि लातूर जिल्हा परिषद : ग्रामीण स्वराज्याची वाटचाल

मराठवाड्याच्या पूर्व सीमेवरील उदगीर हे नाव इतिहासात सर्वांना परिचित आहे ते ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी निजामावर मिळविलेल्या विजयामुळे. आधुनिक काळात मात्र या गावाची ओळख बाजारपेठ, शिक्षणकेंद्र आणि देवणी गोवंशाचे माहेरघर अशी आहे. स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीनेही उदगीरचा प्रवास लक्षणीय आहे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या साडेतीन दशकांत या तालुक्याने तीन जिल्ह्यांचा कारभार अनुभवला, भूकंप आणि दुष्काळ यांच्या सावटात लोकसहभागाचे प्रयोग पाहिले आणि पंचायत राज्याची बलस्थाने व मर्यादा दोन्ही अनुभवल्या. या वाटचालीचा हा आढावा.

तीन जिल्ह्यांचा तालुका

हैदराबाद संस्थानात उदगीर हा बीदर जिल्ह्याचा भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तरी जिल्ह्याची रचना काही काळ तशीच राहिली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे मराठी भाषक तालुके मात्र द्वैभाषिक मुंबई राज्यातील उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यास जोडण्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि उदगीर त्याचा सीमावर्ती तालुका ठरला.

उस्मानाबाद हे जिल्ह्याचे ठिकाण उदगीरकरांना फार दूरचे होते. साध्या कामासाठीही तेथवर जाण्यात दिवस मोडत असे. जिल्ह्याच्या विभाजनाची मागणी त्यातूनच बळावली आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्ह्याची स्थापना झाली. त्याबरोबरच लातूर जिल्हा परिषदही स्वतंत्र झाली. पुढे १९९२ मध्ये चाकूर आणि १९९९ मध्ये रेणापूर, देवणी, शिरूर अनंतपाळ व जळकोट हे नवे तालुके निर्माण करण्यात आले. जळकोट आणि देवणी हे तालुके मुख्यत्वे मूळच्या उदगीर तालुक्यातील गावे घेऊन झाले. सध्या लातूर जिल्ह्यात दहा तालुके असून जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,१५७ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २४ लाख ५४ हजार इतकी होती आणि तीपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक ग्रामीण भागात राहत होते. उदगीर शहराने त्याच जनगणनेत एक लाखाचा टप्पा ओलांडला.

सीमेवरच्या या भागाचे भाषिक वैशिष्ट्यही सांगण्याजोगे आहे. मराठीबरोबरच उर्दू, कन्नड आणि तेलुगू या भाषा उदगीरच्या बाजारात सहज कानी पडतात. येथे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. जुने ऋणानुबंध आजही बीदर, भालकीकडे आहेत, सरकारी कामकाज मात्र लातूर आणि मुंबईकडे आहे. या ओढाताणीतून स्थानिक कारभार जवळ असावा, ही येथील लोकांची भावना तीव्र झाली आहे.

व्यवस्थेची घडण

देशात पंचायत राज्याचा पाया बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालाने घातला. त्या समितीने विकासाची मुख्य जबाबदारी तालुका पातळीवर, म्हणजे पंचायत समितीकडे, असावी असे सुचविले होते. महाराष्ट्राने वेगळा मार्ग पत्करला. १९६० मध्ये नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने जिल्हा हाच नियोजनाचा आणि अंमलबजावणीचा सक्षम घटक ठरविला. तिच्या शिफारशींनुसार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ मंजूर झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा स्वतंत्र अधिनियम आधीपासून होता.

या निर्णयाचे परिणाम उदगीरसारख्या ठिकाणी आजही जाणवतात. महाराष्ट्रात जिल्हा परिषद बलवान आणि पंचायत समिती तुलनेने दुबळी राहिली. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, पाणीपुरवठा, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण ही खाती जिल्हा परिषदेकडे आली. त्यांचे निर्णय लातूरला होतात. पंचायत समिती बहुतांशी त्या निर्णयांची अंमलबजावणी करते. उदगीर ते लातूर हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे आणि जळकोट व देवणीच्या सीमेवरील गावांना ते याहून अधिक पडते. गावातील शाळेची गळकी खोली दुरुस्त करायची असेल, तर प्रस्ताव गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि मंजुरी पुन्हा त्याच वाटेने गावाला, असा प्रवास करावा लागतो.

जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या कायद्याने ५० ते ७५ च्या दरम्यान ठरलेली आहे. २०१७ च्या निवडणुकीत लातूरमध्ये ती ५८ होती. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटात पंचायत समितीचे दोन गण असतात. अध्यक्षपद अडीच वर्षांचे असते. प्रशासनाची सूत्रे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे आणि तालुक्यात गटविकास अधिकाऱ्याकडे असतात. गावपातळीवर सात ते सतरा सदस्यांची ग्रामपंचायत असते. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्यांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. सरपंचाची थेट जनतेतून निवड करण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली.

या साऱ्या रचनेच्या मुळाशी ग्रामसभा आहे. गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असलेली संख्या ही तिची गणपूर्ती होय. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने ठराव मोजक्या लोकांच्या उपस्थितीत संमत होतात. पंचायत राज्याच्या यशापयशाचा खरा निकाल येथेच लागतो.

नेतृत्वाची शाळा

लातूर जिल्ह्याच्या राजकारणातील अनेक मोठी नावे स्थानिक संस्थांमधून पुढे आली. विलासराव देशमुख यांनी १९७४ मध्ये बाभळगावच्या ग्रामपंचायतीतून सार्वजनिक जीवनाला प्रारंभ केला. तेथील सरपंचपद, उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्यत्व आणि लातूर पंचायत समितीचे उपसभापतिपद अशा पायऱ्या चढत ते दोन वेळा राज्याचे मुख्यमंत्री झाले. लोकसभेचे अध्यक्षपद आणि केंद्रीय गृहमंत्रिपद भूषविणारे शिवराज पाटील चाकूरकर हे त्याआधी लातूरचे नगराध्यक्ष होते. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर हे १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री होते. एकाच जिल्ह्यातून दोन मुख्यमंत्री आणि एक लोकसभा अध्यक्ष लाभावेत, हे फारच थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आले आहे.

स्थापनेपासून दीर्घकाळ लातूर जिल्हा परिषदेवर काँग्रेसचे वर्चस्व राहिले. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत मात्र भारतीय जनता पक्षाने ५८ पैकी ३६ जागा जिंकून सत्तांतर घडविले. राजकीय रंग बदलला तरी गावांचे प्रश्न तेच राहिले. पाणी, शाळा, रस्ते आणि शेतमालाचा भाव हेच विषय सभागृहात पुन्हा पुन्हा येत राहिले.

महिलांच्या सहभागाबाबत महाराष्ट्राने इतरांच्या आधी पाऊल टाकले. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. राज्याने त्याआधीच, १९९० मध्ये, ३० टक्के आरक्षण दिले होते. २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के झाले आणि २०१२ च्या जिल्हा परिषद निवडणुकांत ते लागू झाले. पहिल्या काही वर्षांत ‘सरपंचपती’ ही उपहासाची संज्ञा रूढ झाली होती. पती कारभार पाहतो आणि पत्नी सही करते, हे चित्र पूर्णपणे पुसले गेलेले नाही. तथापि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील लोकप्रतिनिधी महिलांमध्ये शिक्षण आणि बचत गटांचा अनुभव यांमुळे आत्मविश्वास वाढलेला दिसतो.

भूकंपाने शिकविलेला धडा

लातूर जिल्ह्याच्या सामूहिक जीवनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा. गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारी आणि लगतच्या परिसरात जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान असल्याच्या निरनिराळ्या नोंदी आहेत. उदगीर तालुका केंद्रबिंदूपासून दूर असल्याने तेथील हानी तुलनेने कमी होती, परंतु घरांची पडझड आणि भीती सर्व जिल्ह्यात पसरली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या पुनर्वसन प्रकल्पात गावांची वर्गवारी करण्यात आली. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी स्थलांतर करण्यात आले, तर अन्य शेकडो गावांत जुन्याच घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करावयाचे ठरले. स्थलांतरित गावांत घरे कंत्राटदारांमार्फत बांधली गेली. दुरुस्तीच्या गावांत मात्र पैसे थेट कुटुंबाला देऊन काम त्यानेच करून घ्यावे, अशी पद्धत स्वीकारण्यात आली. आपल्या गरजेप्रमाणे घर उभारण्याची मुभा मिळाल्याने या पद्धतीचे पुढे पुष्कळ कौतुक झाले.

या टप्प्यावर ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महत्त्वाची भूमिका बजावली. प्रेमा गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे १,३०० गावांत स्थानिक महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. अनुदान किती, हप्ते कधी मिळतात, भूकंपरोधक बांधकामात कोपऱ्यांना व भिंतींना बळकटी कशी द्यावी, ही माहिती घरोघर पोहोचविणे आणि गावकऱ्यांच्या तक्रारी शासनापर्यंत नेणे हे त्यांचे काम होते. चावडीवर पाऊल न टाकलेल्या बायका अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. पुनर्वसनाचे काम संपल्यावर याच महिला मंडळांतून बचत गट उभे राहिले, पाणी आणि आरोग्याच्या प्रश्नांवर काम सुरू झाले. संकटकाळात लोकांना केवळ लाभार्थी न मानता कामाचे भागीदार केले तर काय घडू शकते, याचा हा वस्तुपाठ होता. पुढे २००१ च्या गुजरात भूकंपानंतर मराठवाड्यातील महिलांनी तेथे जाऊन आपले अनुभव सांगितले.

अभियानांचे दशक

२००० नंतरच्या दशकात ग्रामविकास खात्याने स्पर्धा आणि पुरस्कार यांच्या आधारे गावांना कामाला लावण्याचे धोरण अंगीकारले. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गल्ल्या झाडल्या गेल्या, उकिरडे गावाबाहेर गेले, भिंतींवर सुविचार आले. तुटपुंजा शासकीय निधी आणि मोठा लोकसहभाग हे या अभियानाचे वैशिष्ट्य. त्यापाठोपाठ केंद्राचा निर्मलग्राम पुरस्कार आला. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरचे, भाऊबंदकीचे, किरकोळ मारामारीचे तंटे पोलीस ठाणे आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याआधी गावातच मिटावेत, हा तिचा हेतू. २०१० मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आणि २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. २०२५ मध्ये राज्याने मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान हाती घेतले.

या अभियानांचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त घोषित झाला. दोन दशकांपूर्वी पहाटे लोटा घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांची कुचंबणा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा बदल किती मोठा आहे हे सांगावे लागत नाही. दुसरीकडे, पाण्याअभावी कडबा व सरपण ठेवण्यासाठी वापरली जाणारी शौचालयेही याच ग्रामीण भागात दिसतात. तपासणी समिती येण्यापूर्वी चकाचक होणारे आणि पुरस्कार मिळाल्यावर पूर्वपदावर येणारे गाव हा अनुभवही नवा नाही. ज्या गावांत सरपंच बदलला तरी काम चालू राहिले, तेथे अभियान खऱ्या अर्थाने रुजले असे म्हणता येते.

पाण्याची परीक्षा

लातूर जिल्ह्यात वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर पडतो. आकडा अगदी कमी नाही. पण तो लहरी आहे आणि काळ्या जमिनीखालचा बेसॉल्ट खडक पाणी फारसे साठवून ठेवत नाही. मांजरा, तेरणा, तावरजा, घरणी, रेणा, तिरू, लेंडी या नद्या पावसाळ्यानंतर लवकरच आटतात. त्यातच उसाखालील क्षेत्र आणि कूपनलिकांची खोली यांची वाढ एकमेकांशी स्पर्धा करीत राहिली. सलग अपुऱ्या पावसामुळे २०१६ च्या प्रारंभी बीड जिल्ह्यातील धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांजवळ होणारी भांडणे टाळण्यासाठी लातूर शहरात मार्च २०१६ मध्ये जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ ही रेल्वे लातूरला पोहोचली. ऑगस्टपर्यंत चाललेल्या फेऱ्यांतून एकंदर पंचवीस कोटी लिटरच्या आसपास पाणी आणण्यात आले.

शहराला रेल्वेने पाणी मिळाले. खेड्यांच्या वाट्याला टँकर आणि अधिग्रहित विहिरी आल्या. उदगीर, जळकोट भागातील वाड्या-तांड्यांवर टँकर येण्याची वेळ हाच दिवसाचा केंद्रबिंदू झाला होता. या टंचाईने एक गोष्ट मात्र घडवून आणली. पाणी हा केवळ शासनाने पुरविण्याचा विषय नसून गावाने साठविण्याचा आणि मोजण्याचाही विषय आहे, हे भान मोठ्या प्रमाणावर आले.

त्या वर्षी लातूरमध्ये ‘जलयुक्त लातूर’ ही लोकचळवळ उभी राहिली. विवेकानंद रुग्णालयाचे डॉ. अशोक कुकडे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली नागरिक, व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक यांनी वर्गणी गोळा केली आणि मांजरा नदीच्या सुमारे १८ किलोमीटर पात्रातील गाळ काढून खोलीकरण व रुंदीकरण करण्यात आले. काढलेला सुपीक गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेला. राज्य शासनाचे जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्येच सुरू झाले होते. २०१६ मध्ये आमिर खान व सत्यजित भटकळ यांच्या पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली आणि पुढील वर्षांत मराठवाड्यातील गावोगावी श्रमदानाची लाट आली.

खोलीकरणाच्या कामांवर तज्ज्ञांनी आक्षेपही घेतले. केवळ नाला खोल करून भागत नाही; माथ्यापासून पायथ्यापर्यंत, म्हणजे डोंगरउतारावरील समतल चर, बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावरील बंधारा, असा क्रम पाळला नाही तर गाळ पुन्हा भरतो आणि भूजलाला फारसा लाभ होत नाही. शिवाय साठलेले पाणी ज्याचा पंप मोठा त्याने उपसावे, असे झाले तर श्रमदान करणाऱ्या भूमिहीनाच्या हाती काहीच पडत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाला हात घालणारी योजना म्हणजे डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राने सुरू केलेली अटल भूजल योजना. महाराष्ट्रातील १३ जिल्ह्यांत लातूरचा समावेश होता. गावात पाऊस किती पडला, किती पाणी मुरले, पिकांना आणि पिण्यास किती लागेल, याचा ताळेबंद म्हणजे जलअंदाजपत्रक ग्रामसभेपुढे मांडावे, ही तिची मध्यवर्ती कल्पना. पाण्याची वजाबाकी फळ्यावर दिसली की कोणते पीक घ्यावे यावरची चर्चा आपोआप सुरू होते. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातूनही जिल्ह्यातील गावांत ठिबक, शेततळे, बीजोत्पादन अशा कामांना साहाय्य मिळाले. घरोघरी नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट घेऊन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. नळ बसले तरी उन्हाळ्यात उद्भवालाच पाणी राहील काय, हा प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे आहे. नळजोडणी आणि जलसंधारण या दोन योजनांची सांगड जेथे घातली जाते, तेथेच नळाला पाणी येते.

शाळा, दवाखाना आणि गोठा

सामान्य माणसाचा जिल्हा परिषदेशी रोजचा संबंध तीन ठिकाणी येतो : शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीमुळे गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ हा मुख्यतः शहरातील माध्यमिक व कनिष्ठ महाविद्यालयांचा होता. त्याचा पाया मात्र खेड्यातील जिल्हा परिषद शाळांत घातला जातो. खासगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या गावात येऊ लागल्यापासून या शाळांचा पट घसरला. त्याला उत्तर म्हणून अनेक गावांत पालकांच्या वर्गणीतून रंगरंगोटी, संगणक आणि ‘डिजिटल’ वर्ग उभारण्यात आले. शाळेची इमारत हेच शिकण्याचे साधन व्हावे, म्हणून भिंती, जिने, ओटे यांवर गणित आणि भाषेची चित्रे रंगविण्याचा ‘बाला’ उपक्रम लातूर जिल्हा परिषदेने शाळा व अंगणवाड्यांत राबविला. रंगीत भिंती आवश्यक आहेत. त्याहून आवश्यक आहे तो प्रत्येक वर्गाला पुरेसा शिक्षक. पद रिक्त असेल तर एकाच शिक्षकाला दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात.

सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. त्याच्या जोडीला गावातील आशा कार्यकर्तीने गर्भवती व बालकांच्या नोंदी, लसीकरण, प्रसूती यांचा भार उचलला. २०२०-२१ मधील कोरोना साथीत या कार्यकर्त्या आणि गावपातळीवरील समित्या यांनीच बाहेरून आलेल्यांची नोंद, शाळेतील विलगीकरण आणि घरोघरचे सर्वेक्षण पार पाडले.

पशुधनाच्या बाबतीत उदगीरचे स्थान वेगळे आहे. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा, देखणा देवणी गोवंश याच परिसरातला. दूध आणि शेतीकाम दोन्हींसाठी तो उपयोगी मानला जातो. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे त्याचे प्रकार पशुपालकांना परिचित आहेत. ट्रॅक्टरमुळे बैलांची गरज घटली आणि अधिक दुधासाठी संकरित गायी आल्या, तसा हा गोवंश कमी होत गेला. १९८७ मध्ये उदगीरला स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा परिषदेचे दवाखाने आणि जातिवंत जनावरे राखणारे शेतकरी यांच्या एकत्रित प्रयत्नांवर त्याचे भवितव्य अवलंबून आहे.

पैसा कोठून येतो

स्वराज्य संस्थेचे खरे स्वातंत्र्य तिच्या तिजोरीवरून कळते. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कावरील अधिभाराचा वाटा आणि काही भाडी. उर्वरित जवळपास सारा निधी राज्य व केंद्राकडून आणि बहुधा कोणत्या कामावर खर्च करावयाचा हे आधीच ठरवून येतो. ग्रामपंचायतीची भिस्त घरपट्टी आणि पाणीपट्टीवर असते. दुष्काळी वर्षात ती वसूल होत नाही आणि वीजबिल थकल्याने पाणीपुरवठ्याची योजना बंद पडते.

चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात केंद्रीय अनुदान पूर्णपणे ग्रामपंचायतींना दिले. गावाच्या हाती प्रथमच मोठी रक्कम आली, पण पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे सदस्य रिकाम्या हातांनी उरले. पंधराव्या वित्त आयोगाने ही उणीव अंशतः भरून काढली. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीस ८० टक्के आणि वरच्या दोन्ही स्तरांना प्रत्येकी १० टक्के अशी वाटणी झाली. त्यातील मोठा हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवण्यात आला. ग्रामपंचायत विकास आराखडा ग्रामसभेत तयार करण्याची अट त्यामुळे अधिक महत्त्वाची झाली. आराखडा चावडीत बसून होतो की संगणक केंद्रात, हे पाहणे मतदारांचे काम आहे.

प्रशासकांचा काळ

मार्च २०२२ मध्ये लातूरसह राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाचा वाद आणि गटरचनेतील फेरबदल यांमुळे निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तेव्हा तीन वर्षांहून अधिक काळ उलटला होता.

या काळात कामे बंद पडली नाहीत. वेतन झाले, शाळा चालल्या, निविदाही निघाल्या. काही निर्णय उलट अधिक वेगाने झाले, असेही प्रशासनाच्या बाजूने सांगितले जाते. उणीव जाणवली ती वेगळ्या ठिकाणी. गावातल्या माणसाला दाद मागण्यासाठी जो जवळचा सदस्य असे, तो उरला नाही. सर्वसाधारण सभेत अधिकाऱ्याला उभे करून प्रश्न विचारण्याची सोय राहिली नाही. घटनेने पाच वर्षांची मुदत आणि तिच्या आत निवडणूक अशी स्पष्ट तरतूद केली असताना एवढा खंड पडावा, ही १९९३ च्या घटनादुरुस्तीच्या हेतूलाच छेद देणारी गोष्ट होती.

जवळचे सरकार

‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ ही मागणी येथे वर्षानुवर्षे होत आली आहे. १९८२ मध्ये लातूरकरांनी जो युक्तिवाद उस्मानाबादसंदर्भात केला, तोच उदगीरकर लातूरसंदर्भात करतात. नव्या जिल्ह्याला इमारती, पदे आणि शेकडो कोटींचा खर्च लागतो. राज्यभरातून अशा अनेक मागण्या प्रलंबित असल्याने शासनाने त्याबाबत सावध धोरण ठेवले आहे.

जिल्हा होवो अथवा न होवो, प्रश्नाचा गाभा अंतराचा आणि अधिकाराचा आहे. त्यावर दुसरा उपाय पंचायत राज्याच्या चौकटीतच उपलब्ध आहे. १९७० च्या दशकारंभी बोंगिरवार समितीने आणि १९८६ मध्ये प्रा. पी. बी. पाटील समितीने या व्यवस्थेचा सविस्तर फेरविचार केला होता. पंचायत समितीला लहान कामांना अंतिम मंजुरी देण्याचा अधिकार, त्यासाठी स्वतंत्र निधी आणि पुरेसा तांत्रिक कर्मचारीवर्ग मिळाला, तर शाळेची खोली किंवा हातपंप यांसाठी लातूरची वाट धरावी लागणार नाही.

उदगीरच्या लोकांनी सामूहिक कामाची कुवत वेळोवेळी दाखविली आहे. एप्रिल २०२२ मध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पाहुण्यांची व्यवस्था कडक उन्हाळ्यात पार पाडली. भूकंपानंतर घर बांधताना प्रश्न विचारणाऱ्या महिला, नदीतील गाळासाठी वर्गणी देणारे नागरिक आणि फळ्यावर पाण्याचा हिशेब मांडणारे गावकरी हे याच जिल्ह्यातले आहेत. योजना मुंबईत किंवा दिल्लीत तयार होतात. त्या टिकतात की विरतात, हे ग्रामसभेतील उपस्थितीवर ठरते. पुढील दुष्काळ येण्यापूर्वी प्रत्येक गावाला आपल्या पाण्याचा, शाळेचा आणि तिजोरीचा हिशेब तोंडपाठ असेल, तर सहा दशकांपूर्वी सुरू झालेला स्वराज्याचा हा प्रयोग सार्थकी लागला असे म्हणता येईल.